चार नंबरचा आवाज

फळ्यावर चारच ओळी लिहिल्या:
एक, लाल रेषेपलीकडे जाणारा आवाज.
दोन, डाव्या कानाला वेगळा, उजव्याला वेगळा.
तीन, सेकंदाहून छोटा.
चार, शांतता.
सहा मोबाइल, सव्वीस मुलं,
आणि पाळी गावात हिंडायला मार्चमधले दोन तास.
"वेव्हमध्येच आणा," म्हटलं, "एमपीथ्री नको."
का नको ते सांगायच्या आत वर्ग रिकामा.
दारात कुणाची तरी एक चप्पल.

सुफलने पोदेराला वाटेत अडवलं,
मोबाइल थेट भोंप्याच्या तोंडाला लावला.
पडद्यावर लाट उमटली ती वरून-खालून
चिऱ्यासारखी सपाट कापलेली.
"कापलेलं परत येतं, टीचर?"
नाही येत. नंतर कितीही बारीक कर,
डोकं सपाटच राहतं.
तो खूश. पोदेराने दिलेला उंडो
पुरावा म्हणून त्याने अर्धा आणला होता.

रोझेलने दोन मोबाइल घेतले.
एक काजूच्या भट्टीपाशी ठेवला,
दुसरा तिच्या आंटीच्या शिवणयंत्राजवळ,
मग दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या.
आम्ही पाळीपाळीने हेडफोन घातले.
डोक्याच्या मधोमध, जिथे कुणीच नव्हतं,
तिथे एक घर उभं राहिलं.

तन्वेश पाडेलीच्या मागे मागे.
नारळ पडला: धप्प.
लाट मोठी करून बघितली
तर धप्प केव्हाच संपलेला
आणि माडांखाली अजून काहीतरी चालूच.
तीन नंबर चुकला म्हणून तो रुसला.

नुपुराने काहीच आणलं नाही, प्रश्न आणला.
"सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर वेळा मोजतो म्हणता,
मग दोन मोजण्यांच्या मध्ये काय असतं?"
मी ठिपके काढले, ठिपक्यांतून रेघ ओढली,
म्हटलं, कंपनाच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलं
की मधलं हरवत नाही, असं गणित आहे.
"आणि कमी वेळा मोजलं तर?"
तर नसलेलाच आवाज ऐकू येतो.
ती छताच्या पंख्याकडे बघत बसली.

सोयरू गांवस शेवटी आला.
वर्षभरात तो वर्गात किती बोलला
ते एका हाताच्या बोटांवर.
चार नंबर. बारा सेकंद. पडद्यावर सरळ रेघ.
"बटण दाबलंच नसणार," मागून कुणीतरी.
कुठे केलंस?
"ट्रकात."
मग मला आठवला तो ट्रक,
खाण बंद झाल्यापासून अंगणात उभा,
बोनेटवर सुकत घातलेली सोलां,
चाकांतून वर आलेलं गवत.
काचा लावून आत बसला होता पोरगा.

मी आवाज वाढवला. अजून वाढवला.
आधी खसखस आली, ती मोबाइलची स्वतःची,
प्रत्येक यंत्राला अशी एक असते, मी म्हटलं,
तिच्याखाली काही ऐकता येत नाही.
पण तिच्या जरा वर,
काचेपलीकडून, खरवडलेला, तुटक तुटक,
एक माणूस:
"पयलीं दार धांप."

कुणी हसलं नाही.
इतका तुटका का, रोझेलने विचारलं.
मी बिट समजावले: पायऱ्या पासष्ट हजार आहेत,
पण हळू बोलणाऱ्याच्या वाट्याला
त्यातल्या थोड्याच येतात.
हे वाक्य पाठ्यपुस्तकातलंच होतं जवळजवळ.
बोलून झाल्यावर मला फळा पुसावासा वाटला.

शांततेला पैकी किती गुण द्यायचे?
त्यात माणूस सापडला, म्हणजे उत्तर चूक.
सोयरू म्हणाला, "तो आत येऊन बसला मग.
तेवढ्यात मी बंद केलं."

संध्याकाळी सगळ्या फायली तालुक्याला धाडायच्या होत्या,
मेलला एवढं वजन पेलत नाही.
एमपीथ्री करायला बसले.
कानाला जे कळणार नाही असं यंत्राला वाटतं
ते यंत्र टाकून देतं, आणि बहुधा त्याचं बरोबर असतं.
पोदेर आवळला, भट्टी आवळली, नारळही.
सोयरूची फाइल पेनड्राइव्हवर ठेवली, आहे तशी.
दहा लाख अठ्ठावन्न हजार बाइट आणि वर काही.
तालुक्याच्या यादीत चार नंबरसमोर
रेघ मारली, सरळ.